उंदरांना रविवार नसतो

फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमधले पांढरेशुभ्र, विस्टार जातीचे उंदीर सध्या माझं कॅलेंडर ठरवतात. त्यांना मी फ्लुऑक्सेटिन देतो, म्हणजे माणसांना नैराश्यावर देतात तेच. हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काही तासांतच काम सुरू करतं, पण वागण्यात फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात. का लागतात, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. तोवर रोज सकाळी, रविवार-दिवाळी धरून, उंदराच्या घशात नळी घालायला मी!

आधी वजन. किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे 300 ग्रॅमच्या गड्याला 3. पण गडी काट्यावर स्थिर बसेल तर शपथ. आकडा शेअर बाजारासारखा नाचतो. मग त्याला घट्ट धरायचं आणि नळी हळूच सरकवायची. निम्म्यांच्या नशिबी नुसतं पाणी, पण नळीचा सोहळा त्यांनाही तस्साच. बाटल्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’. कशात काय आहे ते मॅडमना ठाऊक.

त्यातच 2014 सालचा एक शोधनिबंध हाती पडला. पुरुषाचा वास आला की उंदरांचा ताण वाढतो, बाईचा चालतो. पुरुषाने अंगात घातलेला नुसता टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच! म्हणजे औषध देणाराही मी आणि दुखणंही मीच. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “थोड्या वेळाने सवय होते त्यांना. तू तासभर आधी येऊन बसत जा.” झालं, गजर आणखी एक तास अलीकडे सरकला.

घरमालकीण काकूंना माझ्या शिक्षणाचा भारी अभिमान. “तू उंदरांचंच बघतोस ना? मग आमच्या माळ्यावरच्यांचं बघ की जरा.”

“काकू, मी त्यांची उदासी घालवतो.”

“आमचे मजेतच आहेत रे मेले!”

बरं, उदासी गेली हे कळणार कसं? उंदराला दिवसभर उपाशी ठेवून अनोळखी खोक्यात सोडायचं, मधोमध झगझगीत उजेडात खाणं. भूक जिंकते की भीती, ते स्टॉपवॉचवर पाहायचं; खाण्याचा पहिला चावा घेतला की घड्याळ बंद. औषध घेतलेले लवकर तोंड घालतात, पण एका डोसाने नाही, आठवडे लागतातच. 2000 साली अमेरिकेत येल विद्यापीठात दिसलं, की काही आठवड्यांच्या औषधाने उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नव्या पेशी वाढतात. 2003 मध्ये लहान जातीच्या उंदरांत क्ष-किरणांनी ती वाढ थांबवली, तर या चाचणीतला औषधाचा गुणही गेला. पुढे काही चाचण्यांत नव्या पेशींशिवायही गुण दिसला आणि भांडण पुन्हा सुरू. मला वाटतं, ते माझ्या पीएचडीपेक्षा जास्त टिकेल.

काल चाचणी होती. पहिल्या उंदराने कोपऱ्यात बसून सावकाश तोंड धुतलं, मिशा साफ केल्या, मग एकदम मधोमध धावला, खाण्याचा तुकडा तोंडात धरला आणि परत कोपऱ्यात.

मी ओरडलो, “मॅडम, घेतला!”

“चावला का?”

“नाही, घेऊन पळाला.”

“मग घड्याळ चालू ठेव.”