सात तासांच्या पंतप्रधान? नाही हो!

‘स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधान माग्दालेना अँडरसन सात तासांत सत्तेवरून गेल्या’ असा फॉरवर्ड फिरतोय. अर्धंच खरं आहे ते. २४ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने त्यांना निवडलं. बाजूने ११७, विरोधात १७४! तरी निवड झाली, कारण तिथे ३४९ पैकी १७५ जण विरोधात गेले तरच प्रस्ताव पडतो. एका मताने वाचल्या म्हणा. त्याच दिवशी विरोधकांचं बजेट मंजूर झालं, ग्रीन पार्टी सरकारमधून बाहेर पडली आणि प्रथेप्रमाणे अँडरसन यांनी राजीनामा दिला. पण पदभार तोवर घेतलाच नव्हता; काळजीवाहू म्हणून आधीचे पंतप्रधान स्टेफान लोव्हेनच होते. २९ ला त्या पुन्हा निवडून आल्या, ३० ला सूत्रं हाती घेतली, ती थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत.