‘पेटी उचला आणि जा’ म्हणणाऱ्या हितचिंतकांना

आपली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर भलतंच काही लिहून गेलो असतो, म्हणून चार दिवस जाऊ दिले. बायकोचं म्हणणं होतं, "अरे, उत्तर देत बसू नकोस." पण मला ते गिळून गप्प बसता आलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी ५१ वर्षांचा, राहायला कोथरूडला. बायको एका सरकारी बँकेत अधिकारी. मे २०२३ मध्ये तिला स्केल फोरची बढती मिळाली आणि बदली झाली भुवनेश्वरला. पुढच्या जानेवारीत माझी चाकणची नोकरी गेली. तेव्हापासून ती तिकडे, मी इकडे, आणि माझं काम आज आहे तर उद्या नाही. या वयात असं लांब राहणं आम्ही कसं निभावतो, एवढंच त्या लेखात होतं. त्यावर आपण लिहिलंत: "नोकरी तिला आहे, रिकामे तुम्ही आहात. मग पेटी उचलून जायला तुम्हाला कुणी अडवलंय? याला विरह म्हणत नाहीत, पुरुषी अहंकार म्हणतात." शिवाय गाड्यांबद्दल एक दुरुस्ती, आमच्या ठरलेल्या वेळी फोन करण्यावर "कॉलेजच्या पोरांसारखं" असा शेरा, आणि एवढ्या मोठ्या लेखात बायकोचं म्हणणं एका ओळीनेही आलेलं नाही, ही तक्रार.

आधी दुरुस्ती. पुण्याहून भुवनेश्वरला कोणार्क एक्स्प्रेस ही एकच गाडी, असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. आठवड्यातून एकदा पुणे–भुवनेश्वर गाडीही सुटते. लेखात बदल केला आहे, आभारी आहे.

आता आपल्या सुराबद्दल. मुद्दा मांडण्यासाठी समोरच्याला ‘रिकामा’ म्हणणं गरजेचं होतं का? एकोणपन्नासाव्या वर्षी ज्याच्यापुढे कागद सरकवून "राजीनामा लिहून द्या, म्हणजे सगळं नीट होईल" असं सांगितलं जातं, त्याला हा शब्द दुसऱ्या कुणी ऐकवायची गरज नसते. सोसायटीचा वॉचमन "साहेब, आज सुट्टी का?" विचारतो, तेव्हा तो ऐकू येतो. कुठल्याही फॉर्मवर ‘व्यवसाय’ हा रकाना आला की ऐकू येतो. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या आणि दुपारी तीन वाजता दार मी उघडलं, की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. आपण तोच शब्द उचललात, माझ्याच लेखाखाली, शेकडो लोकांसमोर. आणि खाली सही काय, तर ‘एक हितचिंतक’! माझं नाव, फोटो, वय, बायकोची नोकरी, सगळं इथे उघडं आहे. तुमचं काय आहे? तुम्ही बाई की पुरुष, तिशीतले की सत्तरीतले, कधी एक दिवस तरी कामाविना घरी बसलात का, यातलं काहीच मला माहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, यापलीकडे त्याला मी काय म्हणू?

"मग पेटी उचलून जायला तुम्हाला कुणी अडवलंय?"

कुणीच नाही. आणि मी गेलो होतो. लेखात ते लिहिलं नव्हतं, कारण प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडायची मला सवय नाही. पण तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन बॅगा आणि थालीपिठाच्या भाजणीचा डबा घेऊन मी कोणार्कमध्ये बसलो. संध्याकाळी पुणं सोडलं, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम करत दोन रात्री गाडीत काढल्या आणि तिच्या बँकेच्या लीजच्या घरी पोचलो. अकरा आठवडे राहिलो. ती सकाळी सव्वानऊला बाहेर पडायची आणि रात्री आठ-साडेआठला यायची. मार्चचं क्लोजिंग आलं तेव्हा दहा वाजायचे. मी युनिट वनच्या बाजारातून भाजी आणायचो, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचो. त्याची मला मुळीच लाज वाटली नाही, पुण्यातही मीच करतो. तुम्ही ज्याला अहंकार म्हणता, तो या घरात शोधून सापडायचा नाही. बढतीचं पत्र आलं तेव्हा ती आठ दिवस नाही म्हणत होती. जा, म्हणून मागे लागलेला माणूस मी होतो.

तर त्या अकरा आठवड्यांत मला भोसरीहून तीन फोन आले. तिन्ही जुन्या ओळखीतले, छोटे कारखानदार. वाक्य तेच: "साहेब, पुण्यात आहात का? जरा येऊन जाता का?" तिन्ही वेळा मी म्हणालो, नाही हो, बाहेरगावी आहे. एप्रिलच्या मध्यानंतर फोन यायचा थांबला.

मला पुण्यातच का राहावं लागतं, हे तुम्हाला कळावं म्हणून माझं काम सांगतो. सव्वीस वर्षं मी क्वालिटीत काढली, त्यातली शेवटची बरीचशी डिझेल इंजेक्शनच्या सुट्या भागांवर. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले. लहान डिझेल गाड्या नव्या नियमात बसवायच्या तर खर्च परवडेना. देशात सगळ्यात जास्त गाड्या विकणाऱ्या मारुतीने त्याच महिन्यापासून डिझेल बंद केलं. आमच्या लाइनी एकेक करून थांबल्या, आणि २०२३ संपता संपता ज्या लाइनवर मी होतो ती गेली. या वयात नोकरीच्या साइटवर अर्ज टाकून काही होत नाही. मी ११४ टाकले, मोजून. काम येतं ते ओळखीतून, आणि ती ओळख भोसरी, तळवडे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात आहे. तिथल्या लहान कारखान्यांना मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट येणार असलं की आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) ची कागदपत्रं, पीपॅप (गिऱ्हाइकाकडून भाग मंजूर करून घ्यायची फाइल), कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं याचा आराखडा) नीट लावून देणारा माणूस लागतो. तो माणूस तासाभरात दारात उभा राहावा लागतो. ओडिशात उद्योग नाहीत असं मी म्हणत नाही. राऊरकेलाला पोलाद आहे, अंगुलला अ‍ॅल्युमिनियम आहे, कलिंगनगर आहे. पण तिथे दहा मायक्रॉनच्या अचूकतेच्या पिनांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला कोण ओळखतं?

गेल्याच महिन्यातली गोष्ट. गाडी विकली आहे, त्यामुळे वनाझहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदल, नाशिक फाट्याला उतरून पुढे रिक्षा. बारा माणसांचा कारखाना. मालकाच्या मुलाने फाइल सुबक लावली होती, रंगीत विभाजक घालून. मी फाइल बाजूला ठेवली आणि मशीनपाशी गेलो. ऑपरेटरच्या हातात मायक्रोमीटर होता, त्यावरचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते उपकरण बरोबर मोजतं का हे तपासल्याचा, स्टिकर तेलाने काळा पडलेला. अंगठ्याने पुसला, तर मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. त्या मायक्रोमीटरने तपासलेला चार महिन्यांचा माल गिऱ्हाइकाकडे गेला होता. मुलाचा चेहरा पडला. आम्ही रात्री नऊपर्यंत बसून, शिल्लक असलेला लॉट दुसऱ्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजला. सुदैवाने सगळा मापात होता. मला ३,५०० रुपये मिळाले. महिन्यात असे कधी आठ दिवस मिळतात, कधी दोन. पण त्या रात्री घरी येताना मी कोण आहे हे मला माहीत होतं. भुवनेश्वरच्या त्या घरात मला ते माहीत नव्हतं.

यावर तुम्ही म्हणाल, हाच तो अहंकार. म्हणा. पण त्याआधी माझ्या वडिलांबद्दल वाचा.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. वडील मुंबईला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. लालबागला गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी, जेवण खाणावळीत. वर्षातून दोनदा गावी यायचे, दिवाळीला आणि जत्रेला. मधल्या काळात मनीऑर्डर आणि चार ओळींचं पत्र. तेव्हा त्याला कुणी विरह म्हणत नव्हतं, तालुक्यातल्या निम्म्या घरांत तेच होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पावसाच्या तोंडाशी वडील ट्रंक घेऊन गावी आले. मी आठ वर्षांचा होतो, मला तर आभाळ ठेंगणं झालं. सगळा गाव आईला म्हणाला, बरं झालं, कारभारी घरी आले, आता सगळी एकत्र राहाल.

वडील तेव्हा ४३ वर्षांचे होते. रोज सकाळी दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचे. कुणी विचारलं, परत कधी जाणार, तर म्हणायचे, संप मिटला की. तो संप मागे घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही. दोन एकरांचा तुकडा आई एकटीच बघत आली होती. तिने कधी खुरपणीला बोलावलं तर बांधावर उभे राहून विचारायचे, "कुठून सुरुवात करू?" पाहुण्याने विचारावं तसं. १९९६ ला गेले. चौदा वर्षं आई आणि ते एका छपराखाली राहिले. आई आज ७७ वर्षांची आहे, माझ्याजवळ असते. त्या चौदा वर्षांबद्दल ती बोलत नाही.

भुवनेश्वरला एप्रिलमधल्या एका सकाळी बायको निघून गेली आणि मी आरशासमोर दाढी करत होतो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलेला. जायचं कुठेच नव्हतं. वस्तरा हातात धरून मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात परतीचं तिकीट काढलं.

पैशाचं म्हणाल, तर हो, घर तिच्या पगारावर चालतं, मी ते लपवलेलं नाही. तिला निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत. मला ईपीएसची (प्रॉव्हिडंट फंडाबरोबरची) पेन्शन ५८ ला सुरू होईल आणि हिशोबात धरायच्या पगारावरच्या १५,००० च्या मर्यादेमुळे ती महिना चार हजारांच्या आसपास असेल. मधली सात वर्षं मला काम करायचं आहे. बस.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. फोनची वेळ पावणेदहा. ती ठरलेली असते कारण दिवसभरात तिला दुसरी वेळ नसते, आणि सुट्टीचे सलग दोन दिवस मिळतात ते फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, ज्यात जाऊन-येऊन तीन दिवसांचा प्रवास बसत नाही. विमान प्रत्येक वेळी परवडत नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला रात्री ‘दाना’ चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्याकडे येत होतं, भुवनेश्वरचं विमानतळ संध्याकाळपासून बंद होतं, आणि आम्ही पहाटे तीनपर्यंत फोन चालू ठेवला होता. बोलत नव्हतो. तिच्या खिडकीची काच थरथरत होती, ती ऐकत मी इथे सोफ्यावर बसून होतो. वादळ उत्तरेला गेलं, शहराला फारसं काही झालं नाही. कॉलेजची पोरं असं करत असतील तर चांगलंच करतात.

बायकोचं म्हणणं लेखात का नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तिचं म्हणणं तिचं आहे. ते तिने मला सांगितलं आहे, आणि ते इथे मांडायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही.

गुरुवारी कोणार्कने निघतो आहे. यंदा डब्यात भाजणी आणि गोडा मसाला आहे, आईने कालच दळून आणवलं. २६ तारखेला भोसरीत ऑडिट आहे, त्याच्या आदल्या दिवशी परत येईन. तोवर इथल्या प्रतिक्रिया वाचल्या जाणार नाहीत. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा, पण नावानिशी लिहा.