काळं फिनाईल, डांबर गोळ्या आणि मावशीचा बोका

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सांगलीहून मावशीचा फोन आला. "अगं, पांडबा कसंतरीच करतोय. तोंडातून लाळेच्या तारा गळतायत, पुढचे पंजे सारखे चाटतोय आणि कपाटाखालून बाहेर यायला तयार नाही."

पांडबा म्हणजे तिचा बोका. अडीच वर्षांचा, गुळाच्या ढेपेच्या रंगाचा, दुधाच्या पातेल्याचा आवाज तीन खोल्या ओलांडून ऐकणारा. तो कपाटाखाली बसून राहतो म्हणजे काहीतरी गंभीर. मी विचारलं, "फरशी कशानं पुसलीस?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "काळ्या फिनाईलनं. दोन झाकणं जास्तच घातलं. त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना तसं."

तो मेसेज मला पाठ होता. 'घरात कुत्रं-मांजर आहे? वासाला करा रामराम! ८ रामबाण उपाय'. वर गुलाबाचं फूल, खाली हात जोडलेले, शेवटी 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, पुण्य मिळेल'. दोन महिन्यांत तो मला पाच ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, एका चुलत दिराकडून दोनदा. मी दर वेळी वैतागून सोडून दिला. कोण वाद घालणार! मावशीपर्यंत पोचेल आणि ती तो वहीत उतरवून घेईल, हे डोक्यात आलं नाही. आता वाद घालतेय.

त्यातले आठ उपाय थोडक्यात असे. रोज दोनदा काळ्या फिनाईलनं फरशी पुसा. सोफ्याखाली आणि कोपऱ्यांत डांबर गोळ्या ठेवा. लघवीच्या जागी ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओता. संध्याकाळी पाचनंतर प्राण्याला पाणी देऊ नका. कुत्र्याला रोज अँटिसेप्टिक घातलेल्या पाण्यानं आंघोळ घाला. मानेवर टी-ट्री किंवा नीलगिरीचं तेल चोळा. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवा. आणि रोज कापूर जाळा. खाली तळटीप: 'प्राण्याच्या अंगाला वास येणे म्हणजे तो आजारी असणे.'

फिनाईलपासूनच सुरू करते, कारण पांडबा त्यानंच दवाखान्यात गेला.

काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल जातीची रसायनं असतात, क्रेसॉल वगैरे. पाण्यात पडताच ते दुधासारखं पांढरं होतं ना, तेच. माणसाच्या पोटात असं काही थोडंफार गेलं तर यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, ते पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. मांजराच्या यकृताला हे धड जमत नाही. हा 'मांजरं नाजूक असतात' छापाचा ऐकीव सल्ला नव्हे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली ते जनुकापर्यंत जाऊन दाखवलं. या कामाचं एक मुख्य एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, यूजीटी१ए६ नावाच्या जनुकावरून तयार होतं, आणि मांजरात ते जनुक मोडकं आहे. जागेवर आहे, पण त्यापासून काही तयार होत नाही, गंजलेल्या कुलपासारखं. त्यांचा अभ्यास पॅरासिटामॉलबद्दल होता. माणसाच्या तापाची एक गोळी मांजराच्या जिवावर का बेतते, याचं कारण ते शोधत होते. फिनॉलची अडचण त्याच कुळातली. पुढे २०११ मध्ये वाघ-सिंहांसकट मार्जारकुळातल्या इतर प्राण्यांतही हे जनुक असंच निकामी असल्याचं दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांस खाणाऱ्याला वनस्पतींतली असली रसायनं पचवायची गरजच पडली नाही, त्यामुळे हत्यार गंजलं, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे मावशीच्या फरशीवर वाघ फिरला असता तरी त्याचीही धडगत नव्हती.

आता कुणी म्हणेल, फिनाईल फरशीवर आहे, मांजर ते पितंय थोडंच? मावशीही हेच म्हणाली. अगं, मांजर फरशीवर चालतं. ओल्या फरशीवर तर मुद्दाम. मग खिडकीत जाऊन बसतं आणि एकेक पंजा, बोटं फाकवून, मधल्या फटींसकट चाटतं. दिवसातून कितीदा तरी. वर क्रेसॉल कातडी आणि जीभ भाजतंही, म्हणून ती लाळ.

मी तिला सांगितलं ते इथंही लिहिते. पंजे कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणानं धुवायचे, टॉवेलमध्ये गुंडाळायचं, उलटी करवायच्या भानगडीत पडायचं नाही आणि थेट पशुवैद्याकडे. जाताना फिनाईलची बाटली बरोबर घ्यायची, म्हणजे डॉक्टरांना लेबल वाचता येतं. पांडबा तीन दिवस सलाइनवर होता. वाचला. "मग पांढरं फिनाईल वापरू का?" हा मावशीचा दवाखान्याच्या बाकावरचा प्रश्न. नाही. त्यात बहुतेक वेळा पाइन तेल असतं, तेही मांजराला बाधतं.

डांबर गोळ्यांचा उपाय मला फिनाईलइतकाच चीड आणतो, कारण त्यात प्राण्याबरोबर घरातलं मूलही सापडतं. ट्रंकेत ठेवलेली गोळी काही महिन्यांत वाटाण्याएवढी होते. उरलेली कुठं जाते? हवेत. बंद ट्रंकेत कसरीसाठी ते ठीक. पण सोफ्याखाली ठेवली की ती हवा आपण सगळे घेतो. या गोळ्या ज्याच्या असतात त्या नॅफ्थलीननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्याची पिल्लं चेंडू समजून गोळी गिळतात. आणि ज्या बाळांत जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांना नुसत्या डांबर गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांनी कावीळ होऊन दवाखाना गाठावा लागल्याची उदाहरणं वैद्यकात जुनी आहेत. मावशीच्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं आहे. सोफ्याखाली सात गोळ्या निघाल्या. आठवी अजून सापडलेली नाही. सून रोज बॅटरी घेऊन शोधतेय.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र? हे लिहिणाऱ्यानं स्वतः करून बघितलं असतं तर मेसेज पाठवायला उरला नसता. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, दार लोटून, खाली वाकून घासताना. नुसतं ब्लीच लघवीवर ओतलं तरी त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचे डोळे चुरचुरवणारे वायू निघतात. आधी लघवी पाण्यानं धुवा, मग काय ते करा.

पाचनंतर पाणी बंद करायचा उपाय वाचून मी मोठ्यानं हसले होते. आता हसू येत नाही. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीचा वास जास्त येतो, कमी नाही. म्हणजे उपाय स्वतःच्याच पायावर धोंडा. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. घट्ट लघवीत खडे धरले की तो तुंबतो. मांजर मातीत बसून कुंथतंय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच पळायचं. तहानलेल्या जिवासमोरून वाडगं उचलायचं ते पुण्य मिळतं म्हणून! आमच्याकडे चिमण्यांसाठीसुद्धा गच्चीत परळ भरून ठेवतात.

कुत्र्याची रोजची आंघोळ, तीही अँटिसेप्टिकनं: नको. कुत्र्याच्या कातडीचा सामू (पीएच) आपल्यापेक्षा वरचा असतो, आपले साबण तिला सोसत नाहीत. रोज तेल धुऊन निघालं की कातडी कोरडी पडते, खाजते, कुत्रं ओरबाडतं, त्यात जंतू होतात आणि मग खराखुरा वास सुटतो. पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा जो सुप्रसिद्ध वास येतो, त्याला आंघोळ नाही, कोरडा पंचा लागतो. आमची काळी भिजून आली की तिला दोन जुन्या पंचांनी पोटापासून बोटांच्या फटींपर्यंत पुसते. पाच मिनिटं. बास.

टी-ट्री तेल: कुठल्याच प्राण्याच्या अंगावर नको. ते लावल्यावर झोकांड्या खाणारी कुत्री-मांजरं पशुवैद्यांना नवी नाहीत. नीलगिरीलाही तेच लागू.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जी फसफस होते ती छान दिसते, पण त्यात दोघांचंही काम संपतं. हाती उरतं मिठाच्या जातीचं काहीतरी विरघळलेलं पाणी. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुगून उडते, ही वेगळी करमणूक. इथं मात्र नाइलाजानं कबूल करते की वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत. गादीवर, गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झटकला की वास खरंच कमी होतो. व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरलं तर अमोनियाचा वास मारतं. फक्त मावशीच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर व्हिनेगर पडलं की पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. संगमरवरालाही तेच. हे त्या मेसेजमध्ये असतं तर एक ओळ तरी कामाची म्हटलं असतं.

कापराला माझा विरोध नाही. देवापुढं जाळा. पण त्यानं वास जात नाही, वासावर वास चढतो, आणि वडी मुलाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेली तर झटके येऊ शकतात, तेव्हा डबी वरच्या फळीवर.

आणि ती तळटीप. अर्धी खरी आहे, हे मान्य. कानातून आंबूस वास येत असेल तर बहुधा आत बुरशी असते. तोंडाला घाण वास म्हणजे दात किंवा हिरड्या. मासळीसारखा वास आला तर शेपटीखालच्या ग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. पण निरोगी कुत्र्याला कुत्र्याचा वास येतोच. आपल्यालाही माणसाचा येतो, काळी तक्रार करत नाही एवढंच.

आता ज्यापायी हे रामायण झालं तो वास. मावशीच्या घरी वास खरंच येत होता. शेजारीणही बोलली होती, म्हणून तर तिनं तो मेसेज मनावर घेतला. रविवारी मी गेले आणि गुडघ्यांवर बसून घरभर हुंगत फिरले. (भाचीनं हेही करायचं असतं.) माती बदललेली, ट्रे स्वच्छ. वास येत होता दाराच्या चौकटीपाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि तिथून ओघळून शहाबादीच्या सांध्यात उतरलेला. बोका लघवीला बसत नव्हता. शेपटी उभी करून मागं फवारत होता. हद्द आखत होता.

बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. नसबंदी न झालेल्या नराच्या लघवीत ते सगळ्यांत जास्त. ताज्या लघवीला तितका वास नसतो. फेलिनिन हळूहळू तुटतं आणि त्यातून जे निघतं, ते आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून जे मर्कॅप्टन घालतात, त्याच घराण्यातलं असतं. म्हणून चार दिवसांनी वास वाढतो आणि मावशीला वाटतं, आत्ताच तर पुसलं होतं! यावर फिनाईल ओतणं म्हणजे गॅस गळत असताना उदबत्ती लावणं.

जागा साफ करायला आम्ही एन्झाइमवालं, म्हणजे लघवीतली वासाची द्रव्यंच तोडणारं द्रव आणलं. स्वस्त नाही, बाटली बघून मावशीनं डोळे मोठे केले. त्याची रीत अशी: आधी ती जागा साध्या पाण्यानं दोनदा धुतली, म्हणजे जुनं फिनाईल निघून गेलं, नाहीतर एन्झाइम आधीच मरतं. मग सांधा भिजून डबडबेल इतकं ते ओतलं, वर जुनं पातळ ओलं करून टाकलं आणि तासभर हातही लावला नाही. मग वाळू दिलं. दोनदा केल्यावर चौकटीपाशी नुसता जुन्या लाकडाचा वास राहिला. बाकी घराला दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या आणि पांडबाची गादी उन्हात. मावशी म्हणाली, "हे तर माझी आईसुद्धा करायची." हो ना.

पण फवारणं थांबवायचं तर बाटली पुरत नाही. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं ते थांबतं किंवा अगदी कमी होतं, आणि लघवीचा उग्रपणाही उतरतो. आठ रामबाण उपायांत ह्या एका खऱ्या उपायाचं नावसुद्धा नाही. मावशी दीड वर्ष टाळत होती, "बिचाऱ्याला कशाला". रविवारी तिनं सलाइनसाठी भादरलेल्या त्याच्या पायावरून हात फिरवला आणि स्वतःच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद येऊ दे, पंधरा दिवस थांबू.

तारीख ठरली आहे, पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार. हे सगळं लिहायला मावशीनं परवानगी दिली, पण एका अटीवर: ग्रुपवर कुणाला ओळखू येता कामा नये. म्हणून नाव बदललं आहे. बोक्याचं.