डॉक्टरवर तक्रार करायचीय? खुशाल करा, फक्त एवढं पाळा

समजा, घरातल्या कुणाचं ऑपरेशन बिघडलं. आपल्याकडे त्यावर दोन सर्वमान्य इलाज आहेत. एक तर दवाखान्याच्या काचा फोडायच्या, नाहीतर गावातल्या आबांना मध्ये घालून बिल कमी करून घ्यायचं. पण तुम्ही चार बुकं शिकलेले. तुम्ही म्हणणार, आपण कायद्याने जाऊ. शाब्बास! मग पुढचं नीट वाचा. परवाच आमच्या घरी एक पाकीट आलंय आणि डोकं अजून तापलेलं आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

सगळ्यात आधी कागद मागा. डॉक्टरांनी कसं वागायचं याची २००२ ची नियमावली आहे, तिच्यात लिहिलंय की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. काउंटरवरच्या पोरीला हे सांगून बघा. ती हसेल. तिच्या हसण्याचा राग मानू नका.

तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावायचा, असंही त्याच नियमावलीत आहे. हे वाक्य कापून देव्हाऱ्यात ठेवा.

कागद मिळालेच तर बारीक वाचा. आमच्या मामांचं पित्ताशय काढताना शेजारची नळी कापली गेली. ऑपरेशनला घरच्यांची संमती घेतली म्हणून जो इंग्रजी छापील फॉर्म मिळाला, त्यावर मामीची सही आणि वेळ सकाळी साडेदहाची. त्या वेळी मामी एरंडोलच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होती. तिकीट जपून ठेवलं होतं, कारण मामी तिकिटंसुद्धा टाकत नाही. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो. तुम्हालाही असंच वाटेल. वाटू द्या.

मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था. तिथे डॉक्टरांची तपासणी डॉक्टरच करतात, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. अडचण तुम्हाला येते. वर्षानुवर्षं तारखा घ्या, शेतातलं काम टाकून मुंबई गाठा, समोरच्याचे वकील आलेले नाहीत असं कळलं की परत या. आणि एक दिवस चक्क निकाल तुमच्या बाजूने लागेल! डॉक्टर दोषी, काही महिन्यांसाठी रजिस्टरमधून नाव कमी, म्हणजे तेवढे दिवस प्रॅक्टिस बंद. पेढे वाटू नका. मी वाटले होते.

कारण आता डॉक्टर हायकोर्टात जाणार. जळगाव, धुळे, नंदुरबार म्हणजे आपलं खंडपीठ संभाजीनगरला. अजिंठ्याचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पहिल्याच दिवशी स्थगिती मिळेल आणि दवाखान्याची पाटी होती तशीच झगमगत राहील. तुम्ही मोठ्या आशेने तिकीट, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे फोटो घेऊन वकिलाकडे जाल. वकील हात जोडून सांगेल, भाऊ, हे काही इथे उघडत नाही. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट अपील ऐकत नसतं. नळी कुणाच्या हाताने कापली, सही कधी झाली, हा पुरावा कोर्ट पुन्हा तोलत नाही. बी. सी. चतुर्वेदी नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय की तपासायची ती निर्णय घेण्याची रीत, निर्णय नव्हे. तो खटला एका सरकारी अधिकाऱ्याचा होता, पण माप सगळ्यांना तेच. म्हणणं मांडायची संधी दिली का? ज्या कागदावर भिस्त ठेवली तो समोरच्याला दाखवला का? कारणं लिहिली का? शिक्षा ऐकून धक्का बसावा इतकी जबर आहे का? संपलं.

आमच्या बाबतीत कौन्सिलने तज्ज्ञाचा अहवाल मागवला, त्याच्यावरच डॉक्टरला दोषी धरलं, आणि तो अहवाल डॉक्टरला दिलाच नाही. आदेश केवढा? दीड पान. त्यात एक पान पक्षकारांची नावं. उरलेल्या अर्ध्या पानात ‘दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, कागदपत्रे पाहिली, समितीचे मत झाले’. का झालं, कशावरून झालं, एक अक्षर नाही. कोर्टाने आदेश रद्द केला आणि प्रकरण परत पाठवलं. म्हणजे आता नवी सुनावणी, नव्या तारखा, मामा-मामी पुन्हा मुंबईला. परवाचं पाकीट त्याचंच. मामीला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “डागतरनी चूक शे का नही, हाई त कोनी इचारंच नही.”

कोर्ट चुकलं असं मी म्हणणार नाही. न्यायाधीशांनी पित्ताच्या नळ्या मोजत बसू नये, तिथे त्यांचं काम नाही. आणि माझ्यावर कुणी आरोप केला तर पुरावा मलाही आधी दाखवावाच लागेल.

तुम्हाला कौन्सिलचा निकाल पटला नाही तर? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० काढा. अपिलाचा हक्क दिलाय, डॉक्टरला. पेशंटचं नाव त्या कलमात सापडलं तर मला कळवा. २००२ च्या त्या जुन्या नियमावलीत निकालाने दुखावलेल्या कुणालाही अपील होतं. नव्या कायद्यात बहुधा पेशंट दुखावले जायचे बंद झाले.

आणि धीर सोडू नका. डॉ. कुणाल साहांच्या पत्नी चुकीच्या उपचारांमुळे १९९८ साली गेल्या, भरपाईचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०१३ साली आला. तो माणूस स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारा. तुम्ही एरंडोलचे.

बस झाली थट्टा.

कौन्सिलवर बसलेल्या डॉक्टरसाहेबांनो, नैसर्गिक न्याय, म्हणजे पुरावा दाखवून आणि म्हणणं ऐकून मगच निकाल देणं, हे तुम्हाला ठाऊक नाही, यावर आमचा विश्वास बसत नाही. वर्षानुवर्षं चौकश्या करताय. बिनकारणाचा आदेश कोर्टात टिकत नाही हे तुमच्या शिपायालासुद्धा पाठ झालं असेल. तरी तसेच आदेश लिहिता. लोक म्हणतात मुद्दाम लिहिता, म्हणजे शिक्षा केल्यासारखंही दिसतं आणि माणूसही सुटतो. मी तसं म्हणत नाही. मी म्हणतो, आळस आहे, आणि तोही कमी लाजिरवाणा नाही. जो डॉक्टर खरंच निर्दोष आहे त्यालाही तुमच्या अर्ध्या पानातून कधी कळणार नाही की तो का सुटला. एक्सरे वाचून दोन पानं रिपोर्ट लिहिता ना? मग माणसाचं पोट बिघडवलं की नाही यावर चार पानं लिहा. काय बघितलं, काय पटलं, काय पटलं नाही, का पटलं नाही, ते लिहा. तज्ज्ञाचा अहवाल आला की त्याच दिवशी दोन्ही बाजूंना पाठवा. झेरॉक्सला पैसे कमी पडत असतील तर तसं कळवा, मामी देईल.