नुसत्या चिंतेने कोणाचा जीव वाचतो?

बातम्यांमध्ये 'तीव्र चिंता व्यक्त केली' हे शब्द दिसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शहरे बेचिराख होत असतात, लेकराबाळांसकट माणसे ढिगाऱ्याखाली गाडली जात असतात आणि जगाच्या शांततेची जबाबदारी जिच्यावर सोपवली आहे ती संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद चिंता व्यक्त करून मोकळी होते.

२५ फेब्रुवारी २०२२ ची बैठक मी विसरू शकत नाही. आदल्याच दिवशी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद रशियाकडेच होते. त्यामुळे त्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर मते मागण्याचे काम रशियाच्याच प्रतिनिधीकडे आले. बाजूने ११ हात वर झाले, तीन देश तटस्थ राहिले आणि विरोधात एकच हात वर गेला, तो खुद्द अध्यक्षांचा. परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कोणा एकाचा विरोध, म्हणजेच नकाराधिकार, ठराव पाडायला पुरेसा असतो; ठराव तिथेच बारगळला. १९९४ मध्ये बुडापेस्टला याच रशियाने अमेरिका आणि ब्रिटनसह युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याचे लेखी आश्वासन दिले होते आणि त्याच्या भरवशावर युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली होती. आता दुसऱ्या एखाद्या देशाला अण्वस्त्रे सोडा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि हा दोष एकट्या रशियाचा नाही. गाझामध्ये तातडीने युद्धविराम व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी, शांततेला धोका असलेला विषय स्वतःहून परिषदेपुढे मांडू देणारे, संस्थेच्या सनदेचे (मूळ कराराचे) क्वचितच वापरले जाणारे ९९ वे कलम वापरले. तरीही ८ डिसेंबर २०२३ रोजी १३ देश बाजूने आणि ब्रिटन तटस्थ असताना अमेरिकेच्या एका नकाराधिकाराने युद्धविरामाचा ठराव फेटाळला गेला.

२०२२ पासून नकाराधिकार वापरला गेला की १० कामकाजी दिवसांत सर्व सदस्य देशांच्या आमसभेत त्यावर चर्चा होते. चर्चाच! नकाराधिकार काढून टाकायचा तर सनद बदलावी लागते, आणि १०८ व्या कलमानुसार तो बदल पाचही कायम सदस्यांच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. चोराच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्याचा हा प्रकार १९४५ पासून चालू आहे आणि आपण त्याला आंतरराष्ट्रीय व्यवस्था म्हणतो, याचा मला मनस्वी संताप येतो. निदान बातमी देणाऱ्यांनी तरी 'परिषदेत एकमत झाले नाही' असे गुळमुळीत लिहू नये. ज्याने हात वर करून ठराव पाडला, त्या देशाचे नाव पहिल्याच ओळीत छापावे.