आयर्स्टचं काय?

दर २२ जूनला आमच्या घरच्या ग्रुपवर चापेकर बंधूंचा फोटो येतो आणि दुपारपर्यंत वाद पेटतो. मामा म्हणतात, पुण्याचा इंग्रज प्लेग अधिकारी रँड याला चापेकरांनी मारलं ते देशकार्य, त्यात पाप-पुण्य कसलं? पुण्यातली भाची विचारते, मग खून कशाला म्हणायचं? मी डब्लिनहून लिहितो आणि दोघंही माझ्यावर चिडतात.

रँडपुरता मी मामांच्या बाजूचा. १८९७ च्या प्लेगात त्याचे सोजीर घराघरांत, थेट माजघर-देवघरापर्यंत शिरले, माणसं उचलून छावणीत नेली. दाद मागायची कुणाकडे? मताचा हक्क नाही. लिखाणापायी टिळकांना त्याच वर्षी दीड वर्षाची सजा. गोखल्यांसारखा नेमस्त माणूस या अत्याचारांबद्दल विलायतेत बोलला, तर परतल्यावर पुरावा देता येईना म्हणून त्यांनाच जाहीर माफी मागावी लागली. दाद मागणाराच गुन्हेगार ठरत असेल, तर पिस्तूल उचलणाऱ्याला मी इथे सुखात बसून खुनी म्हणणार नाही.

पण २२ जूनच्या त्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर दोन बग्ग्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 'गोंद्या आला रे' ही खूण आपल्याला पाठ असते. दुसऱ्या बग्गीत बायकोशेजारी बसलेला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, हे कुणी सांगत नाही. आणि द्रविड बंधू? चापेकरांची खबर दिली म्हणून १८९९ च्या फेब्रुवारीत मारलेली ती आपल्याच पुण्यातली माणसं. खबरीबद्दल मला प्रेम नाही. तरी तोवर ना रँड उरला होता ना कुणाचं घर वाचवायचं होतं. तो सूड होता, आणि सुडाला मी देशकार्य म्हणणार नाही.

इथे हाच वाद १९१६ मध्ये डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावावरून चालतो. जीपीओच्या, म्हणजे इथल्या मुख्य टपाल कचेरीच्या, खांबांवर त्या आठवड्यातल्या गोळ्यांचे व्रण अजून आहेत. हात लावून बघता येतात. सुमारे ४८५ माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक, त्यांत चाळीस मुलं. पहिल्याच दिवशी चर्च स्ट्रीटवर बाबागाडीतलं तीन वर्षांचंही नसलेलं पोर गेलं. मला हा उठाव रँडच्या वधापेक्षा जड जातो. आयर्लंडच्या स्वराज्याचा कायदा १९१४ मध्ये मंजूर झाला होता, पहिल्या महायुद्धापायी तहकूब होता. म्हणजे दार अगदी बंद नव्हतं. आणि भर वस्तीत मोर्चेबांधणी केल्यावर पोरंबाळं मरणार, हे न कळण्याइतके ते नेते भोळे नव्हते.

उठावाच्या शताब्दीला डब्लिनमधल्या ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत एक भिंत उभी राहिली. बंडखोर, नागरिक, इंग्रज सैनिक, सगळ्यांची नावं एकत्र. लोक खवळले. एकदा भिंतीवर रंग फासला, एकदा हातोडा चालवला, आणि २०२२ मध्ये विश्वस्तांनी तो प्रकल्प गुंडाळला. गोळी घालणाऱ्याच्या रांगेत आपला आजोबा कसा बसवू, हा इथल्या लोकांचा सवाल मला कळतो. मामांनाही तो पटेल.

तरी मी भिंतीच्याच बाजूने आहे. चापेकरांचा पराक्रम खरा असेल, तर आयर्स्टचं नाव घेतल्याने तो उणा होत नाही. येत्या २२ जूनला मी ग्रुपवर फोटोखाली दोन्ही बग्ग्यांची हकीकत लिहिणार आहे, द्रविडांसकट. मामांनी ती पूर्ण वाचावी आणि मग खुशाल भांडावं.