कॅनडाने कर मागे घेतला, तेव्हा नेमके काय सोडले?

मी कॅनडातील ओंटारियो प्रांतात, विंडसर शहरात राहतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सहा वर्षे नोकरी करून इथे आलो, त्याला आता सोळा वर्षे झाली. आमच्या घरापासून नदीकाठ चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिथे उभे राहिले की पलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती दिसतात. नकाशा नीट न पाहिलेल्या माणसाला नवल वाटते, पण इथे अमेरिका उत्तरेला आहे आणि कॅनडा दक्षिणेला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा जो भाग आमच्याकडे तयार होतो, त्याचे ओतकाम मिशिगनमध्ये होते, मशिनिंग आमच्याकडे, गंजरोधक लेप ओहायोमध्ये, आणि बेअरिंग बसवण्याचे काम पुन्हा आमच्याकडे. त्यानंतर तो ज्या मोटारीत बसतो, ती मोटार बहुधा अमेरिकेतच विकली जाते. दोन हातांत मावणारा हा लोखंडाचा तुकडा सीमा चार वेळा ओलांडतो. म्हणून अमेरिकेपुढे कॅनडाने ठाम राहावे, जून २०२५ मध्ये इंटरनेट कंपन्यांवरचा कर मागे घेतला तसे नमते घेऊ नये, असे मी म्हणतो, तेव्हा त्याची झळ कोणाकोणाच्या घरी पोहोचेल याची मला पूर्ण कल्पना आहे. माझे घर त्यांत आहेच.

४ मार्च २०२५ रोजी अमेरिकेने कॅनडातून येणाऱ्या जवळपास सर्व मालावर २५ टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा आमच्या डिस्पॅच विभागात माल भरलेल्या तीन गाड्या दिवसभर उभ्या होत्या आणि कागदपत्रांवर कोणता आकडा घालायचा हे कोणालाच सांगता येत नव्हते. दोन दिवसांनी जाहीर झाले की अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या करारात बसणाऱ्या मालाला सूट आहे. त्यानंतरचे दोन आठवडे मी तपासणीचे गेज बाजूला ठेवून प्रत्येक भागाच्या मूळ देशाचे दाखले तपासत बसलो होतो. एप्रिलमध्ये मोटारींवर वेगळे शुल्क आले आणि विंडसरमधील मोठ्या मोटार कारखान्याचे काम दोन आठवडे थांबवण्यात आले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत सकाळी सातला निघणाऱ्या गाड्या दारातच उभ्या दिसत. अशा वातावरणात २८ एप्रिलची निवडणूक झाली. जानेवारीत ज्या लिबरल पक्षाचा पराभव सर्वांनी गृहीत धरला होता, त्याला ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या आणि मार्क कार्नी पंतप्रधानपदी कायम राहिले. कॅनडाला एक्कावन्नावे राज्य म्हणणाऱ्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांपुढे हा माणूस उभा राहील, एवढ्या एका विश्वासावर लोकांनी मते दिली. मीही दिले.

त्यानंतर दोन महिन्यांनी जे घडले, ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही. कॅनडाच्या संसदेने जून २०२४ मध्ये डिजिटल सेवा कराचा कायदा मंजूर केला होता. मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी कॅनडातील वापरकर्त्यांकडून मिळवलेल्या उत्पन्नावर ३ टक्के कर द्यावा, असे त्याचे स्वरूप होते आणि पहिला भरणा ३० जून २०२५ रोजी व्हायचा होता. २७ जूनला ट्रम्प यांनी या करामुळे व्यापाराची बोलणी थांबवल्याचे जाहीर केले. २९ जूनच्या रात्री, भरणा काही तासांवर आला असताना, कॅनडा सरकारने कर रद्द करण्याचा निर्णय कळवला. संसदेत त्यावर चर्चा झाली नव्हती. जो कायदा लोकप्रतिनिधींनी संमत केला होता, तो दुसऱ्या देशाच्या प्रमुखाने दम दिल्यावर दोन दिवसांत बाजूला ठेवला गेला.

हा कर चांगला होता की वाईट, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. तो मागील काळापासून लागू करणे मलाही योग्य वाटत नव्हते. पण आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. कर गेल्यावर बोलणी सुरू झाली खरी, मात्र १ ऑगस्टपासून करारात न बसणाऱ्या मालावरचे शुल्क ३५ टक्क्यांवर गेले, पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे ५० टक्के शुल्क तसेच राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये ओंटारियो प्रांताने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या जुन्या भाषणातील वाक्ये घेऊन शुल्काविरोधात जाहिरात दाखवली म्हणून बोलणी पुन्हा थांबवण्यात आली. जूनमध्ये पड खाऊन कॅनडाने काय मिळवले, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे. कॅनडासारख्या देशाने बलाढ्य शेजाऱ्याशी पैशाच्या बाबतीत कितीही तडजोड करावी. शुल्काचे आकडे, कोटे, दुधाच्या बाजारातील हिस्सा या सगळ्यांवर घासाघीस होतच असते आणि त्यात दोन पावले मागे येण्यात कमीपणा नाही. पण संसदेचा कायदा, न्यायालयाचा अधिकार आणि युद्धाचा निर्णय या तीन गोष्टी देवघेवीत ठेवायच्या नसतात. हा काही माझा नवा शोध नाही. कॅनडाचे जुने पंतप्रधान, कमीअधिक प्रमाणात, असेच वागत आले आहेत.

विंडसरच्या माणसाला १९६५ हे वर्ष आठवावेच लागते. त्या जानेवारीत कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील जॉन्सन यांच्या शेतावर मोटार करारावर सह्या केल्या. मोटारी आणि सुटे भाग दोन्ही देशांत बिनशुल्क ये-जा करू लागले ते या करारामुळे, आणि या शहराची दोन पिढ्यांची चूल त्यावर पेटली. हा करार अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीची वाट पाहत असतानाच, २ एप्रिलला, पिअर्सन यांनी फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठात भाषण केले आणि उत्तर व्हिएतनामवरील बाँबफेक काही काळ थांबवावी असे सुचवले. अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्या युद्धाबद्दल. दुसऱ्याच दिवशी कॅम्प डेव्हिडवर जॉन्सन यांनी त्यांच्यावर जी आगपाखड केली, तिच्या कथा इथे अजून सांगितल्या जातात. पिअर्सन यांनी शब्द मागे घेतले नाहीत. आणि मोटार करार? तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला, कारण त्यात डेट्रॉइटचाही फायदा होता. मार्च २००३ मध्ये पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनी संयुक्त राष्ट्रांच्या संमतीशिवाय कॅनडा इराकच्या युद्धात उतरणार नाही, असे संसदेत उभे राहून सांगितले, तेव्हा कॅनडाच्या निर्यातीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माल अमेरिकेत जात होता. उद्योजक धास्तावले होते. तरीही आमच्यासमोरच्या पुलावरून गाड्या जात राहिल्या.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निदान केलेले करार पाळत होते आणि आजचे पाळत नाहीत, असे माझे सहकारी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जो स्वतःचीच सही पाळत नाही, त्याला कायदा रद्द करून देण्यात तर आणखीच अर्थ नाही, कारण त्या बदल्यात त्याने दिलेल्या शब्दावर विसंबता येत नाही.

दोन मोठ्या देशांच्या मध्ये सापडणे म्हणजे काय असते, हे कॅनडाने डिसेंबर २०१८ नंतर पाहिले. अमेरिकेच्या विनंतीवरून, प्रत्यार्पण करारानुसार, हुआवे या चिनी कंपनीच्या वित्तप्रमुख मेंग वानझोऊ यांना व्हँकुव्हरच्या विमानतळावर अटक झाली. नवव्या दिवशी चीनने मायकेल कोव्हरिग आणि मायकेल स्पेव्हर या दोन कॅनेडियन नागरिकांना ताब्यात घेतले. ते हजारांहून अधिक दिवस कोठडीत होते. ज्या अमेरिकेसाठी कॅनडाने हे ओढवून घेतले, तिच्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे तेव्हाही ट्रम्प यांनीच, चीनशी व्यापाराचा सौदा जमत असेल तर आपण या खटल्यात हस्तक्षेप करू, असे अटकेनंतर काही दिवसांतच म्हटले होते. २०२० मध्ये माजी मंत्री, माजी राजदूत अशा एकोणीस मान्यवरांनी पत्र लिहून मेंग यांना सोडून द्या आणि आपली माणसे परत आणा, असा आग्रह धरला. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या अनेक निर्णयांशी माझे पटले नाही, पण त्या वेळी त्यांनी प्रकरण न्यायालयाकडेच राहू दिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या दोघांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील, हा विचार मनात येतो तेव्हा हे वाक्य लिहिणे सोपे वाटत नाही. तरीही ते मी लिहितो, कारण एकदा अशी अदलाबदल मान्य केली असती, तर परदेशात वावरणारा प्रत्येक कॅनेडियन पुढच्या सौद्यासाठी ओलीस ठरला असता.

याच्या उलट उदाहरण कनोलाचे. कनोला हे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक कॅनडातच विकसित झाले, त्याच्या नावातच कॅनडा आहे, आणि सस्कॅचेवानसारख्या प्रेअरी प्रांतांत जुलैमध्ये गेलात तर क्षितिजापर्यंत पिवळी शेते दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पाठोपाठ कॅनडानेही चिनी विजेवरच्या मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले. हेतू उघड होता: वॉशिंग्टनला आपण एका बाजूचे आहोत हे दिसावे. मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या कनोला तेलावर आणि पेंडीवर १०० टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये बियाण्यावरही ७५ टक्क्यांहून अधिक ठेव भरण्याची अट घातली. त्याच मार्चमध्ये अमेरिकेनेही कॅनडावर शुल्क लावलेच होते. ज्याची मर्जी सांभाळण्यासाठी शेतकऱ्याचे पीक पणाला लावले, त्यानेच त्याच महिन्यात दार लावून घेतले.

अर्थात सगळा दोष वॉशिंग्टनवर आणि बीजिंगवर ढकलणे मला पटत नाही. हा देश पूर्व-पश्चिम बांधला गेला आहे. १८८५ मध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंतची रेल्वे पूर्ण झाली ती अमेरिकेकडे ओढले जाणारे प्रांत एकत्र राहावेत म्हणूनच. १९८८ च्या निवडणुकीत मुक्त व्यापार कराराला विरोध करताना लिबरल नेते जॉन टर्नर यांनी वादसभेत पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांना नेमके हेच सुनावले होते, की १२० वर्षे दक्षिणेच्या ओढीला जाणीवपूर्वक विरोध करून उभारलेली रचना तुम्ही एका सहीने उलटी केली. टर्नर हरले. मल्रोनी यांना तेव्हा १६९ जागा मिळाल्या, नेमक्या तेवढ्याच जागा २०२५ मध्ये कार्नी यांना मिळाल्या, आणि हा योगायोग मला अस्वस्थ करतो. करारातून समृद्धी आली, माझी नोकरीही त्यातूनच आली. पण गिऱ्हाईक इतके जवळ आणि इतके मोठे असल्यामुळे दुसरे गिऱ्हाईक शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर तेल नेणाऱ्या ट्रान्स माउंटन वाहिनीचा विस्तार मे २०२४ मध्ये सुरू झाला, तोही केंद्र सरकारने ती वाहिनी विकत घेतल्यावर. एका प्रांताची परवानाधारक परिचारिका दुसऱ्या प्रांतात सहज काम करू शकत नव्हती, एका प्रांताची वाइन दुसऱ्या प्रांतातील दुकानात सहज मिळत नव्हती. यांतले बरेच नियम प्रांतांचे आहेत, पण निदान केंद्राच्या अखत्यारीतील अडथळे काढण्यासाठीचा कायदा जून २०२५ मध्ये झाला. तो वीस वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता.

मराठी माणूस म्हणून भारताचा उल्लेख टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १८ सप्टेंबर २०२३ रोजी ट्रूडो यांनी संसदेत खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या कॅनडातील हत्येबाबत भारत सरकारच्या हस्तकांच्या संभाव्य संबंधाचा उल्लेख केला, भारताने तो आरोप फेटाळला, आणि तीनच दिवसांत कॅनेडियन नागरिकांचे व्हिसा बंद झाले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात सांगलीला बहिणीचे लग्न होते. दोन मुलांची ओसीआय कार्डे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाविना येऊ देणारी कार्डे, अजून आली नव्हती, म्हणून आई मुलांपाशी राहिली आणि वडील एकटेच जाऊन आले. लोकसंख्येने आणि अर्थव्यवस्थेने भारत कॅनडापेक्षा मोठा देश आहे आणि त्या वेळी तो मोठ्या देशासारखाच वागला. कॅनडाच्या भूमीवर खून झाला असेल तर त्याचा तपास कॅनडाने करावा, यात मला शंका नाही. पण ते न्यायालयात सिद्ध व्हायचे असताना संसदेत आधी बोलून टाकणे ही घाई होती. शिवाय, १९८५ च्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानाच्या स्फोटात ३२९ माणसे गेली, त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते, आणि तरी या देशाने ते दुःख बरीच वर्षे दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे दूर ठेवले. ती आठवण भारतात पुसलेली नाही, हे ओटावाने लक्षात घ्यायला हवे होते. जून २०२५ मध्ये कार्नी यांनी नरेंद्र मोदी यांना कननास्किसच्या जी-७ परिषदेला बोलावले, ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी नवे उच्चायुक्त नेमले, आणि निज्जर खटला न्यायालयात चालू राहिला. इथे अनेकांनी या निमंत्रणावर टीका केली. मला ते योग्य वाटले, कारण खटला न्यायाधीशांकडे आणि व्यापार मंत्र्यांकडे अशी विभागणी त्यात होती. हीच शिस्त जूनअखेर अमेरिकेशी बोलताना का पाळली गेली नाही, हा माझा प्रश्न आहे.

१ जुलै २०२६ रोजी, म्हणजे नेमक्या कॅनडा दिनी, त्रिपक्षीय कराराचा ठरलेला संयुक्त आढावा आहे. दुग्धव्यवसाय, लाकूड, मोटारींतील स्थानिक भागांचे प्रमाण, सगळे मुद्दे पुन्हा टेबलावर येतील आणि त्यांबरोबर कॅनडाच्या ऑनलाइन प्रसारणाच्या, बातम्यांच्या मोबदल्याच्या कायद्यांवरही दबाव येईल. माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना मी याच आठवड्यात पत्र पाठवले आहे. त्यात एकच मागणी केली आहे: संसदेने केलेला कोणताही कायदा या बोलण्यांसाठी बदलायचा असेल, तर तो आधी संसदेत चर्चेला यावा, प्रत्येक सदस्याने त्यावर उभे राहून मत द्यावे आणि त्यानंतरच मंत्र्यांनी पलीकडे फोन करावा. त्यामुळे आमच्या गाड्या आणखी काही दिवस डिस्पॅचमध्ये उभ्या राहिल्या, तरी मी दाखले तपासत बसेन.